जैववैद्यकीय संशोधनात ऑन्टॉलॉजीचा उपयोग होतो, हे मोजायचे कसे?

शेवंती

नमस्कार. मी पुण्यात दुर्मीळ आनुवंशिक आजारांच्या एका रुग्णनोंदणी प्रकल्पात काम करते. गेले आठ महिने आम्ही तिघे जण जुने केसपेपर वाचून त्यांतील प्रत्येक लक्षणाला ‘ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी’मधली, म्हणजे एचपीओमधली, संज्ञा जोडत आहोत. डॉक्टरांनी ‘बोटे फार लांब आणि बारीक’ असे लिहिले असेल तर आम्ही अरॅक्नोडॅक्टिली ही संज्ञा आणि तिचा कायमचा क्रमांक, एचपी:०००११६६, नोंदवतो. एका केसपेपरला कधी वीस मिनिटे लागतात, तर कधी अख्खी दुपार जाते.

गेल्या आठवड्यातील बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारले, “या कामामुळे संशोधनाला असे काय मिळाले, जे त्याशिवाय मिळाले नसते?” मी म्हणाले की जगभर हीच पद्धत आहे आणि आपली माहिती इतरांच्या माहितीशी जुळते. पण हे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे बोलतानाच मला कळत होते.

हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. येथे ऑन्टॉलॉजी म्हणजे संज्ञांची नुसती यादी नव्हे. प्रत्येक संज्ञेला व्याख्या असते, समानार्थी शब्द असतात आणि इतर संज्ञांशी तिचे नाते स्पष्ट लिहिलेले असते: ‘हा त्याचा प्रकार आहे’, ‘हा त्याचा भाग आहे’. एका संज्ञेचे दोन-तीन पालकही असू शकतात. ही रचना संगणकाला वाचता येते, त्यामुळे ‘हातांच्या सर्व विकृती दाखव’ असे विचारल्यावर लांब बोटांचा रुग्णही आपोआप सापडतो.

माझा प्रश्न असा आहे की अशा ऑन्टॉलॉजीची उपयुक्तता कशाने ठरवावी? तिच्यात किती संज्ञा आहेत यावरून, किती शोधनिबंधांनी तिचा उल्लेख केला यावरून, की आणखी कशावरून?

देवराई

चांगला धागा. मी मूळची फळमाशीवर काम करणारी, त्यामुळे ‘जीन ऑन्टॉलॉजी’पासून सुरुवात करते. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर या तीन सजीवांचे माहितीसंग्रह सांभाळणारे लोक एकत्र आले आणि त्यांनी जनुकांच्या कामांसाठी एकच परिभाषा तयार करायला घेतली. २००० साली त्यावरील निबंध ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आला. त्यांची अडचण अगदी व्यवहारातली होती. तिन्ही क्षेत्रांतले लोक एकाच पेशीय घडामोडीला आपापल्या परंपरेतली नावे देत होते, आणि त्यामुळे माशीत सापडलेली गोष्ट उंदरावर काम करणाऱ्याला शोधूनही सापडत नव्हती.

आमच्या माशीतल्या एका जनुकाचे नाव ‘आयलेस’ आहे, कारण ते बिघडले की डोळेच तयार होत नाहीत. त्याच्याशी नाते असलेले उंदरातले आणि माणसातले जनुक ‘पॅक्स-६’ या नावाने ओळखले जाते आणि माणसात ते बिघडले की बुबुळातील रंगीत पडदा तयार होत नाही. नुसत्या नावांवरून हे नाते कोणाला कळले असते? हे जनुक कोणते काम करते, कोणत्या प्रक्रियेत भाग घेते आणि पेशीत कोठे असते, अशा तीन शाखांत जीन ऑन्टॉलॉजीने सर्व सजीवांची माहिती एका भाषेत आणली. आज तिच्यात ४०,००० च्या आसपास संज्ञा आहेत. जनुकांची यादी हाती आल्यावर जी पहिली तपासणी केली जाते ती हिच्याच आधारे. याहून मोठा उपयोग कोणता असू शकेल?

सरासरी

देवराई, आपल्या इतिहासाशी मी सहमत आहे, पण शेवटच्या वाक्याशी नाही. एखादी गोष्ट सर्व जण वापरतात यावरून ती सोयीची आहे एवढेच सिद्ध होते. तिच्यामुळे निष्कर्ष अधिक खरे निघतात, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

मी संख्याशास्त्राच्या बाजूने बोलतो. प्रयोगातून समजा ३०० जनुकांची यादी मिळाली. माणसाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांपैकी एखाद्या प्रक्रियेची जनुके या ३०० मध्ये योगायोगाने येतील त्यापेक्षा जास्त आहेत का, हे आपण तपासतो. हजारो संज्ञांसाठी ही चाचणी केली की काहीतरी ठळक दिसतेच, आणि ते पाहून संशोधकाला ‘माझ्या मनात होते तेच निघाले’ असे वाटते. यात दोन खोट आहेत. पहिली अशी की कर्करोगाशी निगडित काही जनुकांवर डोंगराएवढे लिखाण झालेले आहे, तर शेकडो जनुकांना कोणी हातही लावलेला नाही. ज्याच्याविषयी आधीच पुष्कळ माहिती आहे त्यालाच नवी माहिती चिकटत जाते, आणि आपली चाचणी जीवशास्त्राऐवजी संशोधकांच्या आवडीनिवडी मोजू लागते.

दुसरी खोट अधिक साधी आहे. अशी चाचणी करून देणारे ‘डेव्हिड’ हे लोकप्रिय साधन २०१० नंतर २०१६ पर्यंत अद्ययावत झालेले नव्हते. २०१६ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये आलेल्या एका पाहणीत २०१५ मधील सुमारे ३,९०० शोधनिबंध तपासले, तेव्हा ६७ टक्के निबंधांनी अशाच जुनाट माहितीवर चालणारी साधने वापरल्याचे दिसले, आणि ताज्या माहितीतून मिळणाऱ्या प्रक्रियांपैकी जेमतेम २६ टक्के त्या साधनांना सापडत होत्या. इतक्या लोकांनी शिळी माहिती वापरली आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. उपयोग उल्लेखांच्या संख्येने मोजला तर ही सर्व चूक यशाच्या खात्यात जमा होईल.

देवराई

सरासरी, शिळ्या माहितीचा दोष ऑन्टॉलॉजीचा नाही, ती न बदलणाऱ्या साधनाचा आहे. मात्र लोकप्रियता हा पुरावा नव्हे, हा मुद्दा मला मान्य आहे. माझे वाक्य घाईचे होते.

कृष्णाकाठ

मी मिरजेजवळ अनेक वर्षे मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. या चर्चेतला संशोधनाचा भाग आपण सर्व अधिक जाणता, पण माहिती जिथे जन्माला येते त्या टेबलावरची गोष्ट सांगितली पाहिजे असे वाटते.

रुग्ण येतो आणि म्हणतो, “डॉक्टर, पित्त झालंय.” त्याच्या अंगावर लाल गांधी उठलेल्या असतात, किंवा छातीत जळजळ होत असते, किंवा अर्धे डोके ठणकून उलटी झालेली असते. कोणी पित्ताशयातल्या खड्यांविषयी बोलत असतो, आणि वैद्यांकडून आलेला रुग्ण आपल्या प्रकृतीतल्या दोषाविषयी. एका शब्दाच्या पोटात पाच वेगळ्या गोष्टी आहेत. उलट एकाच गोष्टीला आमच्याकडे फिट, आकडी, फेफरे, मिरगी असे चार शब्द आहेत. ‘घेरी’ म्हणजे भोवती सगळे फिरत होते की डोळ्यांपुढे अंधारी आली होती, हे प्रत्येकाला उलटून विचारावे लागते, कारण पहिल्यात कान तपासायचा असतो आणि दुसऱ्यात हृदय. हे विचारण्याची शिस्त ज्या पद्धतीमुळे लागते ती मला उपयुक्तच वाटते.

पण याची दुसरी बाजूही पाहिलेली आहे. एका रुग्णालयात मी काही काळ जात असे. तेथे संगणकावर निदान निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. दुपारी बाहेर साठ रुग्ण ताटकळत असताना तरुण डॉक्टर यादीतले पहिले दिसेल ते नाव निवडून मोकळे होत. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण वर्षाच्या शेवटी त्या माहितीवरून तक्ते निघाले, तेव्हा वर्णमालेत आधी येणारे आजार आमच्या भागात फार बळावल्यासारखे दिसत होते. संज्ञा कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ती निवडणाऱ्याला वेळ मिळाला नाही, तर तिचा काय उपयोग?

ओसरी

मी सॉफ्टवेअरमधला आहे, वैद्यकातला नाही. आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी हे वर्गीकरण असताना एवढ्या सगळ्या ऑन्टॉलॉजी कशासाठी लागतात, हे कोणी सांगेल का?

केंब्रिजकर

ओसरी, मी इंग्लंडमध्ये एका जैविक माहितीसंग्रहात क्युरेटर म्हणून काम करतो, म्हणजे शोधनिबंध वाचून त्यातले निष्कर्ष संज्ञांमध्ये नोंदवणे हेच माझे रोजचे काम आहे. आपला प्रश्न मुळाशी जाणारा आहे.

आयसीडीचा उगम १८९३ मधील बर्तियों यांच्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. किती माणसे कशाने दगावली हे मोजण्यासाठी ती यादी झाली, म्हणून तिच्यात एक मृत्यू एकाच रकान्यात पडला पाहिजे. क्षयामुळे होणारा मेंदूज्वर घ्या. आयसीडी-१० मध्ये त्याचे मुख्य स्थान क्षयाखाली, ए१७.० येथे आहे. मज्जासंस्थेच्या प्रकरणात त्याची जोडनोंद करण्याची सोय आहे, तरी मोजणी एकाच ठिकाणी होते. स्नोमेड सीटी या रुग्णनोंदींसाठीच्या परिभाषेत मात्र तीच संकल्पना क्षयाचाही प्रकार असते आणि मेंदूज्वराचाही. मेंदूज्वराचे सर्व रुग्ण शोधणाऱ्याला ती सापडते, क्षयाचे सर्व रुग्ण शोधणाऱ्यालाही सापडते. म्हणजे मोजदादीसाठी एक रचना हवी आणि वर्णनासाठी दुसरी. स्नोमेड सीटी २००२ मध्ये अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील दोन परिभाषा एकत्र करून तयार झाली. भारत २०१४ पासून तिच्या संघटनेचा सदस्य आहे आणि तिचे भारतातील काम पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्रातून चालते.

आणखी एक फरक मला फार मोलाचा वाटतो. जुन्या याद्यांत ‘अन्यत्र वर्गीकृत न केलेले’ असा एक रकाना असतो. जेम्स सिमिनो यांनी १९९८ मध्ये वैद्यकीय परिभाषांकडून काय अपेक्षा असाव्यात हे मांडताना या रकान्यावर आक्षेप घेतला होता. आज त्या रकान्यात दहा आजार आहेत. उद्या त्यांतल्या एकाला स्वतंत्र क्रमांक मिळाला की त्या रकान्याचा अर्थच बदलतो, आणि पाच वर्षांपूर्वीच्या नोंदी आजच्या नोंदींशी जुळेनाशा होतात. चांगल्या ऑन्टॉलॉजीत संज्ञा चुकीची ठरली तर ती पुसून टाकत नाहीत. तिच्यावर ‘कालबाह्य’ अशी खूण करतात, शक्य तेथे तिच्याऐवजी कोणती वापरावी ते लिहितात आणि तिचा क्रमांक दुसऱ्या कशालाही देत नाहीत. हे काम बाहेरून दिसत नाही, पण वीस वर्षांपूर्वीची नोंद आजही वाचता येते ती याच शिस्तीमुळे.

आता सरासरी यांच्या मुद्द्याकडे वळतो. जीन ऑन्टॉलॉजीची प्रत्येक नोंद कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे सांगणारा संकेत तिच्यासोबत असतो. प्रत्यक्ष प्रयोगातून मिळालेली नोंद वेगळी, साधर्म्यावरून केलेले अनुमान वेगळे, आणि कोणीही न तपासता संगणकाने जोडलेली नोंद वेगळी. बहुसंख्य नोंदी या शेवटच्या प्रकारच्या आहेत. पुष्कळ वापरकर्ते हा संकेत पाहतही नाहीत, आणि आम्ही ज्यासाठी दिवस घालवतो तो भेद त्यांच्या एका क्लिकसरशी नाहीसा होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ओसरी

समजले, आभार. नावाऐवजी कायमचा क्रमांक वापरण्याचे महत्त्व आमच्या क्षेत्रातही आहे. जनुकांच्या नावांचे एक्सेलमध्ये काय होत असे, ते मी वाचले होते: ‘मार्च-१’ आणि ‘सेप्ट-१’ ही जनुके तारखा होऊन बसत असत आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलून ‘मार्चएफ-१’ आणि ‘सेप्टिन-१’ अशी केली.

अनुमान

मी तत्त्वज्ञान शिकवतो. आमच्याकडे ऑन्टॉलॉजीला सत्ताशास्त्र म्हणतात आणि ‘काय काय अस्तित्वात आहे’ हा त्याचा विषय असतो. संगणकक्षेत्राने हा शब्द घेतला तेव्हा त्याचा अर्थ आकुंचित झाला, अशी माझी तक्रार होती. परंतु जैववैद्यकीय ऑन्टॉलॉजी रचणाऱ्यांनी बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी हा जो पायाभूत आराखडा स्वीकारला, ज्याला २०२१ मध्ये आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला, त्यातील वस्तू, गुण आणि प्रक्रिया यांचे भेद वाचताना मला वैशेषिक दर्शनाच्या सात पदार्थांपैकी द्रव्य, गुण, कर्म यांची फार आठवण झाली. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही.

मला विचारायचे आहे ते सातव्या पदार्थाविषयी, म्हणजे अभावाविषयी. नैयायिकांच्या मते ‘जमिनीवर घट नाही’ हेही ज्ञानच आहे आणि त्याला स्वतःचा विषय आहे. रुग्णाला अमुक लक्षण नाही, हे आपल्या पद्धतीत कसे नोंदवता?

देवराई

अनुमान, हा प्रश्न आडवाटेचा वाटला तरी मूळ विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. एखाद्या जनुकापुढे एखादे काम नोंदवलेले नाही याचे दोन अर्थ होतात: ते काम त्याचे नाही, किंवा कोणी तपासलेलेच नाही. जीन ऑन्टॉलॉजीत ‘नाही’ असे स्पष्ट नोंदवण्याची सोय आहे, पण अशा नोंदी फारच थोड्या आहेत. उरलेल्या सर्व रिकाम्या जागा ‘माहीत नाही’ या अर्थाच्या आहेत, आणि आम्ही आकडेमोड करताना त्यांना ‘नाही’ असे समजून चालतो. सरासरी यांनी सांगितलेल्या पहिल्या खोटीचे मूळ येथेच आहे.

शेवंती

एचपीओच्या बाबतीत मी सांगू शकते. रुग्णाची माहिती देवाणघेवाणीसाठी ‘फेनोपॅकेट’ नावाचा जो आराखडा आहे, त्यात लक्षणापुढे ‘तपासले, आढळले नाही’ अशी खूण करता येते. मात्र आमच्या जुन्या केसपेपरांत डॉक्टर नसलेली लक्षणे क्वचितच लिहितात. ‘हृदयाचा आवाज नीट’ असे वाक्य सापडले तरी आम्हाला आनंद होतो.

निर्गुडी

कृष्णाकाठ यांनी पित्ताचे उदाहरण दिले म्हणून लिहिते. मी आयुर्वेदाची वैद्य आहे. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींतील व्याधींना क्रमांक दिलेले आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ च्या पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणाचा दुसरा भाग याच तीन पद्धतींसाठी दिल्लीत जाहीर झाला. आमच्या क्षेत्रासाठी ही मोठी गोष्ट आहे, पण मला एका धोक्याविषयी बोलायचे आहे.

‘आमवात’ या व्याधीचे भाषांतर सर्रास ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ असे केले जाते. आमवाताची कल्पना ‘आम’ म्हणजे न पचलेल्या अन्नरसापासून सुरू होते. त्याचे निदान करताना आम्ही अग्नी, जडपणा, अरुची पाहतो. दुसऱ्या आजाराचे निदान सांधे, सूज आणि रक्तातील प्रतिपिंडे पाहून होते. ज्यांना आमवात आहे अशांपैकी काहींना तो आजार असेल, काहींना नसेल. संगणकात या दोन संज्ञांमध्ये ‘समान’ अशी रेषा ओढली की एका औषधाच्या अभ्यासात दोन वेगळे रुग्णसमूह मिसळतील आणि निकाल कोणत्याच वैद्यकाच्या कामाचा राहणार नाही. म्हणून मी दोन्ही निदाने शेजारी-शेजारी स्वतंत्र नोंदवण्याच्या बाजूची आहे. त्यांच्यात नाते आहे की नाही, हे नंतर माहितीनेच सांगावे.

कृष्णाकाठ

निर्गुडी, आपली व माझी वैद्यके वेगळी असली तरी या मुद्द्यावर मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. ‘समान’, ‘जवळचे’ आणि ‘त्याहून व्यापक’ हे तीन संबंध वेगळे ठेवलेच पाहिजेत.

सरासरी

चर्चा फार चांगली झाली, पण शेवंती यांचा प्रश्न अजून उत्तराविना आहे. ऑन्टॉलॉजी सुंदर आहे का, तर्कशुद्ध आहे का, सर्वमान्य आहे का, हे सर्व विचारून झाले. माझ्या मते विचारायचे ते एवढेच: एखादे ठरावीक काम घ्या, ते ऑन्टॉलॉजीसह करा आणि तिच्याशिवाय करा, आणि दोन्हींतला फरक पाहा. ‘तिच्याशिवाय’ म्हणजे काहीच न वापरता असे नव्हे, तर तिच्याहून स्वस्त पर्याय वापरून. या दुसऱ्या बाजूशिवाय केलेले कौतुक मला पटत नाही.

यात एक सापळा आहे. जीन ऑन्टॉलॉजीवरून जनुकाचे काम ओळखणारी पद्धत तयार करायची आणि ती त्याच नोंदींवर तपासायची, तर ती आपलेच उत्तर आपल्याला परत देते. या बाबतीत प्रथिनांची कामे ओळखण्याची ‘काफा’ नावाची जी स्पर्धा २०१० पासून चालते तिची पद्धत मला अनुकरणीय वाटते. स्पर्धकांनी आपली भाकिते ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायची, मग आयोजक कित्येक महिने थांबतात, आणि त्या काळात प्रयोगशाळांतून ज्या प्रथिनांविषयी नवी माहिती येईल तिच्यावरच भाकिते तपासतात. उत्तर कोणालाच ठाऊक नसल्यामुळे कोणालाही फसवता येत नाही.

शेवंती

सरासरी, मग दुर्मीळ आजारांत असा पुरावा आहेच ना? इंग्लंडच्या एक लाख जीनोम प्रकल्पात रुग्णांची लक्षणे एचपीओमध्ये नोंदवली होती. २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये त्याच्या प्राथमिक टप्प्याचा निबंध आला, त्यात २,१८३ कुटुंबांतील ४,६६० जण होते आणि २५ टक्के रुग्णांना निदान मिळाले. लक्षणांवरून जनुकांचा क्रम लावणारे ‘एक्झोमायझर’ तेथेही वापरले होते.

सरासरी

तो निबंध महत्त्वाचा आहे आणि त्या कुटुंबांना मिळालेली उत्तरे खरी आहेत. परंतु २५ टक्क्यांतला किती वाटा संपूर्ण जीनोम वाचल्याचा, किती तज्ज्ञांच्या अनुभवाचा आणि किती लक्षणांच्या नेमक्या नोंदीचा, हे त्या एका आकड्यातून निघत नाही. तो प्रकल्प ते वेगळे काढण्यासाठी आखलेलाही नव्हता. आपल्या सहकाऱ्यांचा प्रश्न नेमका त्या वाट्याविषयी आहे.

आणि तो वाटा आपल्याला स्वतः मोजता येईल. आपल्या नोंदणीत निदान पक्के झालेले रुग्ण असतीलच. त्यांची जनुकीय माहिती एक्झोमायझरला चार वेळा द्या. पहिल्यांदा आपण नोंदवलेल्या सर्व नेमक्या संज्ञा द्या. दुसऱ्यांदा प्रत्येक संज्ञेऐवजी तिच्या वरच्या पातळीवरची ढोबळ संज्ञा द्या, उदाहरणार्थ अरॅक्नोडॅक्टिलीऐवजी नुसते ‘हाडांची विकृती’. तिसऱ्यांदा दुसऱ्याच रुग्णाची लक्षणे द्या. चौथ्यांदा लक्षणे देऊच नका. प्रत्येक वेळी खरे जनुक कितव्या क्रमांकावर येते ते पाहा. पहिल्या आणि दुसऱ्यातले अंतर म्हणजे आपल्या आठ महिन्यांच्या बारकाव्याची किंमत. पहिले आणि तिसरे जवळजवळ सारखे आले, तर साधन लक्षणांकडे फारसे पाहतच नाही असे समजावे लागेल.

देवराई

ही आखणी मला फार आवडली. एक भर घालते. सर्व रुग्णांची सरासरी काढून थांबू नका. या पद्धतीत दुर्मीळ संज्ञेला अधिक वजन मिळते, कारण ती थोड्याच आजारांत आढळते. ‘विकासातील विलंब’ शेकडो आजारांत असतो, त्यामुळे तेवढीच नोंद असलेल्या मुलाला ऑन्टॉलॉजीची फारशी मदत होणार नाही. ज्याच्यात एखादे विरळा चिन्ह नोंदले आहे त्याला खूप होईल. कोणत्या रुग्णात वीस मिनिटे पुरतात आणि कोणासाठी दुपार खर्च करावी, हे या फरकावरून ठरवता येईल.

ओसरी

आता भाषिक प्रतिमाने, म्हणजे मजकूर वाचणारी आणि लिहिणारी एआय साधने, केसपेपर सरळ वाचू शकतात. मग संज्ञा जोडण्याचे काम माणसांनी का करावे? ही पाचवी तुलनाही घ्यावी असे वाटते.

केंब्रिजकर

जरूर घ्यावी, आणि निकाल मोकळ्या मनाने स्वीकारावा. माझा अनुभव असा की ही प्रतिमाने वाक्यातले लक्षण बरेचदा बरोबर ओळखतात, पण संज्ञेचा क्रमांक मात्र मनानेच ठोकून देतात. तो क्रमांक खऱ्यासारखा दिसतो आणि भलत्याच लक्षणाचा निघतो. म्हणून ओळखण्याचे काम त्यांच्याकडे आणि क्रमांक शोधण्याचे काम प्रत्यक्ष ऑन्टॉलॉजीकडे, अशी विभागणी अनेक ठिकाणी केली जाते. म्हणजे तेथेही तिची गरज संपत नाही, फक्त तिची जागा बदलते. मराठी आणि इंग्रजी मिसळलेल्या हस्ताक्षरातील केसपेपरांवर काय होते, हे कळले तर मला स्वतःला फार उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ

शेवंती, सरासरी यांची चाचणी करण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. निदान कळल्यानंतर डॉक्टर रुग्णाला पुन्हा पाहतात तेव्हा त्या आजारात जे दिसायला हवे ते शोधतात आणि लिहितात. मारफान सिंड्रोमचा अहवाल हाती आला की मग आम्ही बोटांची लांबी मोजतो, टाळूची कमान पाहतो, डोळ्याचे भिंग सरकले आहे का म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतो. आपण अशा नंतरच्या पानांवरून संज्ञा घेतल्या असतील तर चाचणीत उत्तर आधीच फुटलेले असेल, आणि एचपीओ आहे त्याहून फार हुशार दिसेल.

सरासरी

कृष्णाकाठ, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ही त्रुटी राहिली असती तर संपूर्ण तुलना फुकट गेली असती.

शेवंती

सर्वांची मनापासून आभारी आहे. कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचून मी काल संध्याकाळी आमचा तक्ता उघडून पाहिला. आम्ही प्रत्येक संज्ञेपुढे केसपेपरचा क्रमांक लिहिला आहे, पण ज्या पानावरून ती घेतली त्या पानाची तारीख लिहिलेली नाही. म्हणजे निदानाच्या आधीची लक्षणे आणि नंतरची लक्षणे आज आम्हाला वेगळी करता येत नाहीत.

आज सकाळी सहकाऱ्यांशी बोलले. निदान पक्के झालेल्या रुग्णांचे कागद पुन्हा काढून प्रत्येक नोंदीला तारीख जोडायची आणि मग केवळ जनुकीय अहवालापूर्वीच्या लक्षणांवर चारही तुलना करायच्या, असे ठरले आहे. ओसरी यांची पाचवी तुलना रुग्णांची नावे आणि ओळख काढून टाकल्यावरच करता येईल, त्यासाठी नैतिकता समितीकडे अर्ज करावा लागेल. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो प्रश्न विचारला होता, त्यांनी तारखा तपासण्याच्या कामात स्वतः बसण्याची तयारी दाखवली आहे. सोमवारी पहिले गठ्ठे उघडू. निकाल जो येईल तो याच धाग्यावर लिहीन.

निर्गुडी

शेवंती, तारखांसोबत ती नोंद कोणी केली, हेही त्याच वेळी लिहून ठेवा. ते नंतर शोधायला गेलात तर कागद पुन्हा उघडावे लागतील.